उतारावरची अकरा रोपं

“अरे, उतारावर कुणी चादर वाळत घातलीय का?” आक्कांनी खिडकीपाशी उभं राहून विचारलं.

नाना कप विसळत होते. शुक्रवारची सकाळ होती, बाहेर थंडी मी म्हणत होती आणि खिडकीची काच आतून ओलसर झाली होती. आक्कांनी बाहीने पुसून काचेवर ताटलीएवढा गोल केला होता आणि त्यातून त्या मान तिरकी करून बघत होत्या.

“चादर कुठली आलीय? जुनिपर आहेत ते.”

“ते हिरवे होते. मला तोंडं ओळखता येत नसली तरी हिरवं कुठलं आणि तपकिरी कुठलं एवढं कळतं अजून. हे मेलेलं दिसतंय सगळं.”

नानांनी नळ बंद केला, हात पुसले आणि बहिणीच्या खांद्यावरून बाहेर पाहिलं. मग पुसलेले हात त्यांनी पुन्हा एकदा पुसले. सर्दीमुळे गेला आठवडाभर ते घराबाहेर पडले नव्हते, आणि त्याआधी पडत होते ते उजाडायच्या आत, हातात बॅटरी घेऊन. भरदिवसा त्या रोपांकडे त्यांनी कितीतरी दिवसांत पाहिलं नव्हतं. उतारावरची अकराच्या अकरा रोपं तपकिरी पडली होती. तपकिरीतही एक जांभळट झाक होती, मुका मार बसल्यावर कातडीला येते तशी.

“परवा येतेय ना तुझी लेक?” आक्कांनी विचारलं.

“हो. परवा, रविवारी.”

त्या रोपांवर काय अवलंबून होतं ते दोघांनाही पुरतं ठाऊक होतं.

घर रस्त्यापासून चांगलं उंचावर होतं. फाटकापासून दारापर्यंत सोळा पायऱ्या, पायऱ्यांच्या एका अंगाला जमिनीचा तुकडा, तो थेट खालच्या दगडी बांधापर्यंत उतरत गेलेला. पूर्वी त्यावर गवत होतं आणि दर पंधरा दिवसांनी नाना ते यंत्राने कापत. मागच्या वर्षी पानगळीच्या दिवसांत यंत्र एकीकडे ओढू लागलं, नाना दुसरीकडे, आणि शेवटी दोघंही बांधाशी जाऊन पडले. यंत्राला काही झालं नाही. नानांचं मनगट दोन ठिकाणी मोडलं.

नानांची लेक तीन तासांचा प्रवास करून आली. ती दातांची डॉक्टर. खुर्चीतल्या माणसाला ती ज्या आवाजात “थोडं दुखेल हं” म्हणते, त्याच आवाजात ती म्हणाली, “बाबा, मी तुम्हाला एक वर्ष देते. या उतारावर माणसाला पाय ठेवावा लागणार नाही असं काहीतरी करा. नाहीतर तुम्ही आणि आत्या माझ्याकडे. आमच्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावरचं घर रिकामं होणार आहे, मी त्यांना थांबवून ठेवते.”

पोरीचं काही चुकत नव्हतं, आणि हीच नानांची पंचाईत होती. ते स्वतः कुठेही राहिले असते. त्यांना काय, एक खुर्ची आणि एक खिडकी मिळाली की झालं. प्रश्न आक्कांचा होता. नानांची ही थोरली बहीण, वय ऐंशीच्या घरात, गेली तीन वर्षं त्यांच्या दोन्ही डोळ्यांच्या मधोमध एक करडा डाग होता आणि तो वाढत होता. समोरचं दिसत नसे, कडेकडेचं दिसे. समोर बसलेल्या माणसाच्या जागी नुसता धूर आणि भोवती त्याचे कान, असं त्या हसत सांगत. पण या घरात त्या अशा वावरत की परक्याला संशयही येऊ नये. मिठाची बरणी डावीकडून तिसरी, न्हाणीघराला वळायच्या आधी सहा पावलं, चौथ्या पायरीची कड तुटकी. सगळं हातापायांना पाठ. भाचीला यातलं काही सांगायचं नाही अशी त्यांनी नानांना ताकीद देऊन ठेवली होती. “तिला कळलं ना, की त्याच दिवशी माझी वळकटी बांधील. आणि त्या नव्या घरात मी बसेन भिंतीला हात लावून.”

तेव्हा नाना गावाबाहेरच्या रोपवाटिकेत गेले होते. तिथल्या बाई मोजकं बोलत. डोक्यावर चढवलेला चष्मा, हातात कोपरापर्यंतचे मोजे.

“ऊन येतं?” त्यांनी विचारलं.

“दिवसभर.”

“पाणी साचतं?”

“उतार आहे.”

“मग हे न्या.” त्यांनी दाखवलेलं झाड हातभरही उंच नव्हतं. बारीक टोकदार पानांच्या फांद्या कुंडीच्या चारी बाजूंनी आडव्या निघाल्या होत्या. “जुनिपर. पसरणारी जात आहे, गुडघ्याच्या वर येत नाही. बारा महिने पानं असतात. छाटायचं नाही, खत नको. चार-चार हातांवर लावा, मधे लाकडाच्या साली पसरा म्हणजे तण येणार नाही. पहिले दोन महिने आठवड्यातून एकदा भरपूर पाणी. मग विसरून जा.”

“विसरून म्हणजे?”

“विसरून म्हणजे विसरून. याला मारायचं तर लाड करावे लागतात.”

नानांनी ते मनावर कोरून घेतलं. वसंतात माळ्याने माणसं आणून अकरा रोपं लावून दिली. नानांनी पायरीवर उभं राहून सूचना केल्या आणि माळ्याने त्या ऐकून न ऐकल्यासारख्या केल्या. दोन महिने आठवड्यातून एकदा पाणी दिलं गेलं. मग विसरायचा दिवस आला.

आता दुसरा कुणी असता तर विसरलाही असता. पण नाना अडतीस वर्षं पाणीखात्यात चावीवाले होते. सहाला वरच्या वस्तीचं पाणी सोडायचं, सातला बाजाराचं, आठला दवाखान्याकडचं. ऊन असो, ताप असो, घरात लग्न असो, लोखंडी चावी खांद्यावर टाकून ते निघायचे. एवढ्या वर्षांत त्यांच्या हाताखालच्या एकाही नळाला उशीर झाला नव्हता. त्या माणसाला कुणीतरी सांगत होतं की अकरा जीव दारात उभे आहेत आणि त्यांना पाणी सोडायचं नाही.

चार दिवस त्यांनी कळ काढली. पाचव्या दिवशी त्यांना पानं सुकल्यासारखी वाटली. ती पानं मुळातच तशी असतात, कोरडी आणि खरखरीत, पण तहानेकडे बघायची ज्याला सवय त्याला सगळीकडे तहानच दिसते. सहा वाजता ते नळी घेऊन बाहेर पडले. प्रत्येक रोपाला घड्याळ लावून चार मिनिटं, वरपासून खालपर्यंत. दुसऱ्या दिवशीही गेले. मग ते रोजचंच झालं. थंडी पडल्यावर त्यांनी एक दिवसाआड केलं, तेही मनावर दगड ठेवून. लेक फोनवर विचारायची, “बाबा, झाडांचं काही करावं लागत नाही ना?” नाना म्हणायचे, “छे. विसरलोच आहे मी.”

आणि आता हे.

शुक्रवारी रोपवाटिका बंद असे. नानांनी कात्री घेतली, पायऱ्या उतरून बांधापाशी गेले आणि अगदी खालच्या कोपऱ्यातल्या, अकराव्या रोपाची एक फांदी कापून पाकिटात घातली. खालचंच रोप का, हे कुणी विचारलं असतं तर त्यांना नवल वाटलं असतं. पाण्याचा नमुना घ्यायचा तो टाकीतून नाही, लाइनीच्या शेवटच्या नळातून घ्यायचा, हे पाणीखात्यात शिकाऊ माणसालाही ठाऊक असतं.

शनिवारी ते पाकीट घेऊन रोपवाटिकेत हजर झाले. बाई कुंड्यांवर पाट्या खोचत होत्या.

“माझ्या ओळखीचे एक गृहस्थ आहेत,” नाना म्हणाले.

“बरं.”

“त्यांनी तुमच्याकडूनच जुनिपर नेले होते. पण त्यांच्या हातून, म्हणजे समजा, पाणी जरा जास्त गेलं.”

“किती जास्त?”

“रोज.”

“किती दिवस?”

“सहा महिने.”

बाईंनी डोक्यावरचा चष्मा नाकावर ओढला आणि नानांकडे नीट पाहिलं. “त्या गृहस्थांनी काही नमुना पाठवलाय का?”

नानांनी पाकीट पुढे केलं. बाईंनी फांदी चिमटीत धरून हलकेच ओढली, तशी पानं सुटून टेबलावर भुगा पडला. फांदी उघडी पडली.

“हे गेलं,” बाई म्हणाल्या. “मुळं कुजलीत. कोपऱ्यात पाणी साचत असणार. आता त्या गृहस्थांनी…”

तेवढ्यात मागच्या फाटकातून मातीच्या पोत्यांचा ट्रक आत येऊ लागला आणि कुणीतरी बाईंना हाक मारली. नानांना ‘गेलं’ एवढंच ऐकू आलं होतं आणि तेवढं पुरे होतं. ते “बरंय, सांगतो त्यांना” असं पुटपुटत बाहेर पडले. बाईंनी मागून काहीतरी ओरडून सांगितलं. ते आपल्या ओळखीच्या गृहस्थांना उद्देशून असणार आणि चांगलं नसणार, असं धरून नानांनी पावलं उचलली.

घरी येऊन त्यांनी कोटही काढला नाही. आक्का जेवणाच्या टेबलाशी बसून बोटांनी डाळ निवडत होत्या.

“आक्का, एक सांगायचंय. मी रोज पाणी घालत होतो.”

“ठाऊक आहे.”

“ठाऊक आहे?”

“डोळे गेलेत माझे, कान शाबूत आहेत. तू बाहेरचा नळ सोडलास की माझ्या उशाशी भिंतीतला पाइप गुरगुरतो. सहाला सुरू, पाऊण तासाने बंद.”

“मग बोलली का नाहीस?”

“मला वाटलं लागत असेल झाडांना. मला काय त्यातलं कळतं?” त्यांनी एक खडा बाजूला टाकला. “आणि परत येताना तू शीळ घालायचास. नोकरी सुटल्यापासून ती बंद झाली होती. म्हटलं, घालू दे.”

नाना खुर्चीत बसले. “सगळी मेली, आक्का. मुळं कुजली म्हणे.”

डाळीवरची बोटं थांबली. आक्कांनी निवडलेली डाळ एका बाजूला सारली. मग म्हणाल्या, “तिला सांगूच नकोस.”

“दिसणार नाही का तिला?”

“दिसू दे की. म्हण, ही जात हिवाळ्यात अशीच दिसते. थंडीने रंग बदलतो. उन्हाळ्यात होईल हिरवी.”

“इतकं धडधडीत खोटं?”

“धडधडीत कसलं, साधं तर आहे. मलाच आत्ता सुचलं.” मग त्याच म्हणाल्या, “पण तुला जमायचं नाही. तुझे कान लाल होतात. मला आता समोरचं काही दिसत नाही, पण तुझे कान कडेला येतात, ते दिसतात.”

दोघंही हसले, पण ते हसू पुढे सरकलं नाही. संध्याकाळी आक्कांनी विचारलं, “तिच्या इमारतीला लिफ्ट आहे ना?”

“आहे.”

“बटणं कोण वाचणार?” असं म्हणून त्यांनी मागे न बघता हात लांबवला, मिठाची बरणी घेतली, चिमूटभर मीठ घातलं आणि बरणी होती तिथे ठेवली. नाना त्या हाताकडे बघत राहिले. सहा महिने रोज उठून आपणच तो हात कापत होतो, असं काहीतरी त्यांच्या मनात आलं आणि त्यांना जेवण गेलं नाही.

रविवारी सकाळी लेक आली तेव्हा नाना फाटकाशी उभे होते. रात्रभर त्यांनी वाक्यं जुळवली होती. त्यातलं एकही आठवेना.

“बाबा, एवढ्या थंडीत बाहेर काय करताय?”

“झाडं मेली,” नाना म्हणाले. “मी मारली. रोज पाणी घातलं. तुला फोनवर खोटं सांगितलं.”

“आधी आत तरी येऊ द्या.”

“नाही, आधी बघून घे. नाहीतर आत जाऊन तुझ्यासमोर बसायचा धीर व्हायचा नाही मला.”

लेकीने खांद्यावरची पिशवी पायरीवर ठेवली आणि उताराकडे पाहिलं. “कुणी सांगितलं मेली म्हणून?”

“रोपवाटिकेतल्या बाईंनी. फांदी नेली होती.”

“कुठल्या झाडाची?”

“शेवटच्या. त्या खालच्या कोपऱ्यातल्या.”

“फक्त त्याची? का बरं?”

“नमुना शेवटचाच घेतात.”

ती वडिलांकडे वळली. लहानपणी ती त्यांचा हात धरून चाव्या सोडायला जायची, तिला हे खातं नवं नव्हतं. “बाबा, शेवटच्या नळाला गढूळ पाणी आलं तर तुम्ही काय करायचात? सगळी लाइन उपटून टाकायचात?”

“नाही. एकेक नळ तपासत मागे यायचो.”

“मग?”

नानांनी उताराकडे, मधल्या रोपांकडे पाहिलं.

“तुम्ही इथंच थांबा. पायरीवरून हलायचं नाही,” असं म्हणत तिने हातमोजे काढले आणि खालच्या कोपऱ्यातून सुरुवात केली. अकराव्या रोपाची फांदी तिने चिमटीत धरून ओढली. भुगा हातात आला. दहावं तसंच. नववंही. नानांनी नजर दुसरीकडे वळवली. मग उतारावरून आवाज आला, “हे हलत नाही.”

“काय हलत नाही?”

“पानं. आठवं. घट्ट आहेत.” तिने नखाने फांदीची साल जराशी खरवडली. “आतून हिरवं आहे, बाबा.”

“नीट बघ.”

“दिवसभर दुसरं काय करते मी? हलतं कुठलं आणि पक्कं कुठलं, एवढंच तर बघते.” ती एकेक करत वर सरकत होती. “सातवं पक्कं. सहावं. पाचव्याला तर मी लोंबकळले तरी काही होणार नाही.”

पहिलं रोप झाल्यावर ती पायऱ्या उतरून नानांच्या समोर आली, गुडघ्यांना चिखल लागलेला, नाक लाल झालेलं. “तीन गेलीत, बांधाजवळची. तिथं पाणी साठतंय. बाकी आठांचं पाणी उतारावरून खाली वाहून गेलं, म्हणून वाचली. पण रंग असा का झालाय ते मला सांगता येणार नाही. त्या बाईंचा नंबर आहे?”

नंबर रोपाशी खोचलेल्या रोपवाटिकेच्या जुन्या पाटीवर होता. लेकीने फोन लावला आणि आवाज मोठा केला.

“मी जुनिपरबद्दल विचारत होते. काल एक गृहस्थ फांदी घेऊन आले होते, त्यांची मुलगी बोलतेय.”

“त्यांची की त्यांच्या ओळखीच्या गृहस्थांची?” फोनमधून आवाज आला.

नानांचे कान पेटले.

“त्यांचीच,” लेक म्हणाली. “तीन रोपं गेलीत. आठ जिवंत वाटतायत, पण जांभळट तपकिरी पडलीत सगळी.”

“पडणारच. ती जातच तशी आहे. थंडी आली की रंग बदलते, ऊन वाढलं की परत हिरवी. काल मागून ओरडून तेच सांगत होते मी, पण वडील तुमचे पळाले. बांधाजवळ पुन्हा लावू नका, तिथं ओल धरते. आणि ते पाणी तेवढं थांबवा.”

फोन बंद झाला. नाना पायरीवर बसले. एकदम इतका श्वास आत आला की त्यांना खोकलाच आला. खोकता खोकता ते हसू लागले. वर दार उघडलं होतं, दारात आक्का उभ्या होत्या आणि त्यांनी सगळं ऐकलं होतं.

“मी परवाच... नाही, कालच म्हटलं होतं हे,” त्या म्हणाल्या. “तेव्हा म्हणे धडधडीत खोटं.”

लेक मात्र हसत नव्हती. ती हात पुसत उभी होती आणि तिच्या कपाळावर आठी हळूहळू गोळा होत होती.

“बाबा, पाणी किती वाजता घालत होता?”

“सहाला.”

“हिवाळ्यातही? म्हणजे अंधारात. ओल्या उतारावर, हातात नळी घेऊन.”

नाना हसायचे थांबले.

“म्हणजे उतारावर जावं लागू नये म्हणून झाडं लावली आणि त्या झाडांसाठी तुम्ही रोज उतारावर जात होता. मागच्या वर्षी पंधरा दिवसांतून एकदा जायचात. झाडं जगतील हो, झाडांची काळजी मला नाहीच.” तिचा आवाज चढला नव्हता, पण ती पिशवीचा बंद उगाच गुंडाळत होती. “मी तीन तासांवर आहे. तुम्ही पडलात तर मला कळणार कसं? आत्या एकटी काय करणार? नाही, बाबा. ते तिसऱ्या मजल्याचं घर बरं. आत्यालाही बरं पडेल.”

पोरीचं पुन्हा एकदा काही चुकत नव्हतं.

“आत्याला बरं पडणार नाही,” आक्का म्हणाल्या. त्या पायऱ्या उतरून येत होत्या, कठड्याला हात न लावता, चौथीवर नेमक्या जराशा आत पाय ठेवत. भाचीच्या समोर येऊन त्या उभ्या राहिल्या आणि मान तिरकी करून तिच्या बाजूला कुठेतरी बघू लागल्या. “तुझं तोंड मला दिसत नाही, पोरी. तीन वर्षं झाली.”

“काय?”

“मधोमध डाग आहे. तुझ्या जागी धूर दिसतो.”

“आत्या, मागच्या वेळी माझा नवा चष्मा छान आहे म्हणालीस तू.”

“फोनवर तूच सांगितलं होतंस चष्मा केला म्हणून. मी म्हटलं, छानच असेल.”

लेक वडिलांकडे वळली. “तुम्हाला माहीत होतं?”

“त्याला मी शपथ घातली होती,” आक्का म्हणाल्या. “त्याला बोलू नकोस. तुला सांगितलं असतं तर तू मला घेऊन गेली असतीस.”

लेकीने मान हलवली. “हो. नेलं असतं.”

“चांगल्या मनाने नेलं असतंस, मला ठाऊक आहे. चल आत, मी चहा करते. तू नुसती बस आणि बघ.”

तिघंही आत आले. लेक ओट्याजवळच्या स्टुलावर बसली. आक्कांनी पातेलं काढलं, पाणी भरलं, ते भरल्याचं आवाजावरून ओळखलं. आगकाडी एकदाच ओढली. साखरेचा डबा, चहाचा डबा, आलं ठेचायचा बत्ता, सगळं हाताला लागत गेलं. दूध वर यायच्या क्षणभर आधी त्यांनी आच कमी केली. तीन कपांत चहा ओतला, एकाही बशीत थेंब सांडला नाही. भाचीचा कप तिच्या हाताशी ठेवून त्या म्हणाल्या, “हे मला तिसऱ्या मजल्यावर यायला किती वर्षं लागतील? तेवढी आहेत का माझ्याकडे?”

लेकीने दोन्ही हातांनी कप धरला होता. ती त्यात बघत राहिली. मग तिने डोळे पुसले आणि नाकही पुसलं.

“पुढच्या महिन्यात मी तुला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे नेणार,” ती म्हणाली. “त्यात वाद नको.”

“ने.”

“आणि बाबा, तुम्ही उतारावर पाय ठेवायचा नाही. शब्द द्या.”

नानांनी लगेच हो म्हटलं नाही. एकदा खोटं बोलून झालं होतं, आता पुन्हा नको होतं. “देईन गं, पण सहा वाजले की माझे पाय आपोआप…”

“त्याची जबाबदारी माझी,” आक्का म्हणाल्या. “पाइप माझ्या उशाशी गुरगुरतो. ज्या दिवशी गुरगुरेल त्या दिवशी चहाच्या आधी तुला फोन करीन.”

“स्वतःच्या भावाची चुगली करशील?” नाना म्हणाले.

“आनंदाने.”

लेक पहिल्यांदा हसली. हसता हसताच तिने फोन उचलला, खिडकीपाशी गेली आणि कुणाशी तरी बोलली. नानांना एवढंच ऐकू आलं: “नाही, आमचं नाही जमत. तुम्ही दुसऱ्या कुणाला द्या. हो, नक्की.” परत येऊन ती दिवसभराचे पेशंट संपवून आल्यासारखी खुर्चीत बसली.

“खरं सांगू का, बाबा? मलाच धाकधूक होती. तुम्हाला दोघांना तिथं आणून ठेवायचं आणि मी सकाळी आठला दवाखान्यात जायचं ते संध्याकाळी सातला यायचं. तुम्ही करणार काय दिवसभर? पण उतार आठवला की वाटायचं, आणलंच पाहिजे.”

“मग बोलली का नाहीस?” नानांनी विचारलं.

“तुम्ही कुठे बोलत होता?”

दुपारी जेवण झाल्यावर ती नानांच्या पलंगावर जरा आडवी होते म्हणाली आणि गाढ झोपली. नानांनी तिच्या अंगावर पांघरूण घातलं, दार लोटून घेतलं. ऊन आलं होतं. भाऊ-बहीण दारातल्या वरच्या पायरीवर जाऊन बसले. खाली आठ जांभळट गोल अंग पसरून पडले होते. जवळून पाहिल्यावर आणि भीती गेल्यावर तो रंग नानांना वाईट वाटेना. बांधाशी तीन उघड्या काड्या तेवढ्या उरल्या होत्या.

“माळ्याला बोलावून ते तिन्ही काढून घेऊ,” ते म्हणाले. “पण ती जागा आता भकास दिसणार. तिथं काही लावायचं नाही म्हणाल्या बाई.”

“वरच्या आठांना पसरू दे की. त्यांच्या फांद्या येतील सरकत तिथवर.”

“येतील, पण वेळ लागेल. तीन वर्षं सहज. चारही लागतील.”

आक्कांनी उन्हाकडे पाठ केली आणि पाय लांब केले.

“लागू देत,” त्या म्हणाल्या. “मला कुठं जायचंय?”